कॉम्प्युटर घ्यायचाय? आधी वायरमन बोलवा!

ऑफिसातून आल्यावर तासभर गेम, रविवारी सगळ्यांनी मिळून पिक्चर... एकाच डब्यात दोन्ही बसवायचं आणि खिसाही फाटू द्यायचा नाही. जमतं? जमतं की! नगर जिल्ह्यात जमवलेल्या एका खरेदीचा हा हिशोब, अगदी पार्ट बाय पार्ट.

पगारवाढीचं पत्र हातात पडलं की डोक्यात तीन गोष्टी फिरायला लागतात. बाईक, ट्रिप नाहीतर कॉम्प्युटर. बाईकचा हप्ता आधीच चालू असतो. ट्रिपला साहेब सुट्टी देत नाही. उरला कॉम्प्युटर! लॅपटॉप आहे, पण तो ऑफिसचा. त्यावर गेम टाकायला गेलं की आयटीवाल्यांचा फोन येतो. मोबाईलवर खेळून अंगठे दुखायला लागलेले असतात. मग रात्री अकरानंतर व्हिडिओ बघायला सुरुवात होते. 'हे घ्या', 'ते घेऊ नका', 'हे घेतलंत तर पस्तावाल'. पंधरा दिवसांत माणूस एवढा शहाणा होतो, की त्याला काहीच ठरवता येत नाही!

तर मंडळी, मी नगरचा. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, पण स्टँडवर उभं राहून ऐका, तोंडी अजून 'नगर'च येतं. नोकरी पुण्यात, शनिवार-रविवार सावेडीत. प्रत्येक खानदानात लग्नं जमवणारी एक आत्या असते, नळ दुरुस्त करणारा एक काका असतो आणि कॉम्प्युटरचं विचारायचा एक जण असतो. आमच्याकडे तो एक जण म्हणजे मी.

२०२५ च्या दिवाळीआधी श्रीरामपूरच्या मावसभावाचा फोन आला. "दादा, कोटेशन आणलंय. सगळं मिळून एक लाखात बसतंय. फोटो टाकलाय, लाईट बघ ना कसले भारी आहेत!"

हा एक लाख त्यानं चौदा महिने साठवला होता. कर्ज नाही, हप्ता नाही. आणि पैसे एकट्याचे असले तरी मशीन एकट्याचं नव्हतं. मावशीनं अट घातली होती, "घरात एवढी रक्कम घालतोयस, तर ते आमच्याही कामाला आलं पाहिजे." म्हणजे त्याला गेम. धाकटी बहीण सिव्हिल इंजिनीअरिंगला, तिला ऑटोकॅड. काकांना मॅच आणि जुनी नाटकं, तीही हॉलमधल्या टीव्हीवर. मावशीला घरातले सगळे फोटो एका जागी. एक डबा आणि चार गिऱ्हाइकं!

कोटेशन वाचायचं कसं?

त्या कागदावर लिहिलं होतं: आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅट एसएमपीएस. आणि खाली लिक्विड कूलर व काचेचं कॅबिनेट. या शेवटच्या दोघांचा मात्र पूर्ण मॉडेल नंबर, रंगासकट!

गंमत बघा. जे दिसतं त्याचं नाव-गाव सगळं दिलेलं, आणि जे चालतं त्याचं नुसतं आडनाव. 'आय५' हे नाव बाजारात २००९ पासून आहे. त्यात सोळा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही बसतो आणि कालचाही. १६ जीबी रॅम एका स्टिकमध्ये की दोन? एसएसडी कुठल्या कंपनीची? एसएमपीएसवर नुसतं '६५० वॅट' लिहिलंय, ते खरोखर देणारा कोण?

मी भावाला म्हटलं, "दुकानदाराला एवढंच सांग, प्रत्येक ओळीपुढे कंपनी आणि मॉडेल लिहून द्या." दुसऱ्या दिवशी नवीन कागद आला. एसएमपीएसच्या जागी एक असं नाव होतं, जे आम्हा दोघांनाही शोधून सापडलं नाही. कोटेशनमधली गाळलेली जागा ही सहसा दुकानदाराच्या फायद्याची जागा असते. ती भरून घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

आधी पडदा, मग कार्ड

बहुतेक जण ग्राफिक्स कार्डपासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, पडद्यापासून करा. कारण कार्डाला किती मेहनत करायची आहे, ते पडदा ठरवतो.

साधा हिशोब आहे. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख ठिपके. १४४० पी म्हणजे सुमारे ३६.९ लाख. फोर-के म्हणजे सुमारे ८२.९ लाख, फुल एचडीच्या बरोब्बर चौपट! गेममध्ये कार्ड हे सगळे ठिपके सेकंदाला साठ-साठ वेळा नव्यानं रंगवत असतं. सिनेमाचं तसं नाही. तिथे चित्र आधीच तयार असतं, ते फक्त उलगडायचं असतं. म्हणून फोर-के सिनेमा मध्यम मशीनवर आरामात चालतो आणि फोर-के गेम त्याच मशीनला घाम फोडतो.

मावशीकडे ४३ इंची फोर-के टीव्ही होताच. (३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हाची ती खरेदी.) मग ठरलं असं: गेम आणि ऑटोकॅडसाठी टेबलावर २७ इंची १४४० पी मॉनिटर आणि सिनेमासाठी एचडीएमआयची लांब केबल थेट टीव्हीला. कार्डाला तीन-तीन पोर्ट असतात, एकाच वेळी दोन्ही जोडून ठेवता येतात. काकांसाठी टचपॅड असलेला छोटा वायरलेस कीबोर्ड. झालं, त्यांना खुर्चीतून उठायची गरज नाही!

दिव्यांचे पैसे मेमरीत

आता कार्ड. कोटेशनमध्ये ८ जीबीवालं होतं. फुल एचडीला ८ जीबी आजही बऱ्याच गेम्सना पुरतं. पण नवीन मोठे गेम १४४० पी ला आणि चांगल्या टेक्श्चरवर चालवायला गेलात, की ती मेमरी भरते. भरली की माल कॉम्प्युटरच्या रॅममधून आणावा लागतो, आणि ती वाट अरुंद. मग गेम मध्येच अडखळतो. सरासरी आकडा चांगला दिसतो, पण ऐन मारामारीत झटका बसतो. खेळणाऱ्याला विचारा, जीव कुठे जातो ते!

२०२५ मध्ये या पट्ट्यात तीन नावं जोरात होती. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० ८ जीबीचं. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ चं, १२ जीबीचं, पण जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा दम कमी पडतो. आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, जून २०२५ चं. यात मेख अशी, की ९०६० एक्सटी ८ आणि १६ जीबी अशा दोन अवतारांत येतं आणि नाव दोघांचं एकच! आरटीएक्स ५०६० टीआयचंही तसंच. बिलावर जीबी लिहून घेतले नाहीत, तर घरी कोण आलंय ते खोका उघडल्यावर कळणार.

भावाला १६ जीबीवालं ९०६० एक्सटी हवं होतं, पण बजेट काही हजारांनी तुटत होतं.

"मग राहू दे, आठवालंच घेतो."

"लिक्विड कूलर कशाला लागतो तुला?"

"...दिसायला भारी वाटतो ना, दादा."

"आणि लाईटवाले सहा पंखे?"

फोनवर बराच वेळ शांतता. मग तोच म्हणाला, "किती वाचतील?"

कूलर, काच आणि दिवे गेले. १६ जीबी आलं. दिव्यांकडे बघायचं कौतुक महिनाभर टिकतं, मेमरी तीन-चार वर्षं साथ देते.

एक सूचना. तुम्हाला ब्लेंडरमध्ये थ्रीडी रेंडरिंग करायचं असेल किंवा एआयचे प्रयोग करायचे असतील, तर एनव्हिडियाकडे झुका. ती बरीच सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कूडावरच लिहिलेली असतात. ऑटोकॅडच्या टू-डी कामाला हा प्रश्न नाही. तिथे प्रोसेसरचा एक-एक कोर किती चपळ आहे, ते जास्त महत्त्वाचं.

आणि सेकंडहँड कार्ड? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद पडलं आणि दिवसरात्र राबलेल्या कार्डांचा ढीग बाजारात आला. त्यातली काही अजून फिरताहेत. जुनं घ्यायचंच असेल तर समोर बसून अर्धा तास गेम चालवून बघा, पंख्यांचा आवाज ऐका आणि मूळ बिल मागा.

प्रोसेसर: सॉकेटचं आयुष्य बघा

गेमसाठी सहा कोर हा आज चांगला सुवर्णमध्य आहे. आम्ही रायझन ५ ७६०० घेतला. जानेवारी २०२३ चा, ६५ वॅटचा, बॉक्समध्येच कूलर येतो. म्हणजे लिक्विड कूलरचा विषय तिथेच मिटला! शिवाय यात छोटं ग्राफिक्स आतच असतं. उद्या मोठं कार्ड वॉरंटीसाठी पाठवावं लागलं, तर घर अंधारात बसत नाही. काकांची मॅच चालू राहते.

आतल्या ग्राफिक्सचा अजून एक फायदा. यूट्यूबवर एव्ही१ नावाच्या पद्धतीनं आवळलेले व्हिडिओ वाढताहेत. ते उलगडायची सोय ७६०० च्या चिपमध्येच आहे. जुन्या ५६००जी मध्ये ती नाही, सगळा भार मुख्य कोरवर येतो. निव्वळ सिनेमासाठी मशीन घेणाऱ्यांनी हा मुद्दा जरूर विचारा. इंटेल घेत असाल तर नावाच्या शेवटी 'एफ' आहे का बघा. 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही.

७६०० घेण्याचं खरं कारण मात्र सॉकेट. एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि निदान २०२७ पर्यंत त्याला साथ देऊ, असं एएमडीनं जाहीर केलंय. म्हणजे दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून मशीन पुन्हा तरुण करता येईल. इंटेलच्या एलजीए १७०० वर आय५ १२४००एफ स्वस्त आणि गुणी आहे, पण तो सॉकेट चौदाव्या पिढीवर थांबला. बजेट अगदी घट्ट असेल तर तोही वाईट नाही. फक्त पुढचा रस्ता बंद आहे, हे माहीत असू द्या.

रॅमची महागाई

आता दुखरा विषय. २०२५ च्या मध्यापर्यंत रॅम हा कोटेशनमधला सगळ्यात बिनडोकेदुखीचा भाग होता. मग एआयच्या डेटा सेंटर्सनी जगभरची मेमरी उचलायला सुरुवात केली. कारखाने तेच, चिप तीच, पण गिऱ्हाईक मोठं मिळालं. वर्ष संपेपर्यंत डीडीआर५ चे भाव दुप्पट-तिप्पट झाले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं तर 'क्रुशल' हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. श्रीरामपूरच्या हॉलमधल्या रॅमचा भाव अमेरिकेतल्या डेटा सेंटरनं ठरवावा, हे असलं जग आहे!

आमची खरेदी भाव पेटायला लागले तेव्हाच झाली, म्हणून १६ जीबीवर थांबलो. ८-८ च्या दोन स्टिक. एक १६ ची नाही आणि नंतर वाढवू म्हणून चार छोट्याही नाहीत. दोन स्टिक असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो, गेममध्ये फरक दिसतो. आणि डीडीआर५ मध्ये चार स्टिक बसवल्या की वेग बहुधा खाली येतो.

बसवल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (इंटेलवर एक्सएमपी) चालू करायला विसरू नका. नाहीतर ६००० चे पैसे देऊन रॅम ४८०० नं चालते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

घरी जुनं डीडीआर४ चं मशीन धूळ खात असेल तर ते भंगारात देऊ नका. भाव उतरेपर्यंत त्याच रॅमवर त्याच बोर्डाला बसणारा बरा प्रोसेसर आणि कार्ड टाकून वेळ मारून नेता येते.

एसएसडी मात्र सोपी. १ टीबीची एनव्हीएमई घ्या. साटाची ५५० एमबीच्या आसपास थांबते, एनव्हीएमई जेन ३ साडेतीन हजारांपर्यंत आणि जेन ४ सात हजारांपर्यंत जाते. रोजच्या वापरात जेन ३ आणि ४ मधला फरक डोळ्यांना फारसा दिसत नाही, खिशाला दिसतो. १ टीबीपेक्षा कमी नको, कारण मोठा गेम आता एकटाच १०० जीबी खातो. ५० एमबीपीएसच्या कनेक्शनवर १०० जीबी उतरवायला जवळजवळ साडेचार तास लागतात. पुसून पुन्हा उतरवत बसायचा कंटाळा येतो हो!

मावशीच्या फोटोंसाठी २ टीबीची साधी हार्डडिस्क लावली. आणि मोठ्या ताईच्या लग्नाची डीव्हीडी? नव्या कॅबिनेटमध्ये डीव्हीडीला जागाच नसते. यूएसबीचा बाहेरचा ड्राईव्ह कुणाकडून तरी उसना आणा आणि एकदाच सगळं उतरवून घ्या. डीव्हीडी अमर नसतात. त्या लग्नात दिसणारी किती माणसं आज नाहीत, हे मावशी बघता बघता मोजत होती.

खरी गोम भिंतीत!

आता मथळ्याकडे येऊ. नगर जिल्ह्यात वाढलेल्यांना विजेचं सांगायला नको. २००५ नंतरच्या वर्षांत भारनियमनाचं वेळापत्रक आम्ही परीक्षेच्या वेळापत्रकासारखं पाठ करायचो. ते दिवस गेले, पण व्होल्टेजचं खालीवर होणं आणि 'आत्ता येईल' म्हणत गेलेली लाईट, हे आहेच.

म्हणून एसएमपीएसवर काटकसर नको. हिशोब असा: प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट, कार्ड १६०, बाकी सगळं मिळून ५० धरा. ३०० वॅटच्या आसपास. म्हणजे चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा पुरेसा, ६५० चा ऐसपैस. '८० प्लस ब्राँझ' हा शिक्का बघा, पण तो फक्त वीज किती वाया जात नाही ते सांगतो. सुरक्षेची हमी तो देत नाही. त्यासाठी कंपनी आणि वॉरंटीची वर्षं बघा. जो स्वतः पाच-सात वर्षांची वॉरंटी देतो, त्याला स्वतःवर भरवसा असतो.

पण एसएमपीएस कितीही चांगला आणला, तरी त्याचा तिसरा पाय जमिनीत पोहोचायला हवा. म्हणजे अर्थिंग! मी मावशीला फोनवर सहज विचारलं, "बोर्डाला अर्थिंग आहे ना?" ती म्हणाली, "ते काय असतं? फ्रिजला ओला हात लावला की मुंग्या येतात, ते तर पहिल्यापासूनच आहे!"

माझ्या पोटात गोळा आला. मुंग्या येणं हा फ्रिजचा स्वभाव नसतो. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्येही वीज गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते लोखंडी डब्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांची गळती मुकाट जमिनीत जाते. नसेल तर डब्यावर अर्ध्या व्होल्टेजइतका दाब उभा राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसता चिमटा बसतो. पण उद्या आतली एखादी वायर डब्याला टेकली, तर पूर्ण २३० व्होल्ट त्याच वाटेनं येतात. आणि फ्यूज उडवायला वाटच नसते. ती वाट मग हात लावणाऱ्या माणसातून जाते.

"पार्ट नंतर मागव. आधी वायरमन बोलव," मी भावाला सांगितलं.

वायरमन आला. त्यानं साधा बल्ब घेऊन फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये लावला, पेटलाच नाही. तीन पिनचा सॉकेट होता, तिसऱ्या भोकात वायरच नव्हती! मग अंगणात नवी अर्थिंग झाली, हॉलपर्यंत हिरवी वायर आली आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपचा आरसीसीबी बसला. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. दोन दिवसांची मजुरी आणि सामान, बजेटमधूनच गेलं. भाऊ थोडा हिरमुसला. मावशीनं ओल्या हातानं फ्रिज उघडून बघितला आणि काही बोलली नाही. पुन्हा एकदा उघडून बघितला. (हा प्रयोग तुम्ही करू नका, बल्बचा भरवसा धरा!)

यूपीएस की इन्व्हर्टर?

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागे किंवा पुढे एक छोटं बटण असतं, 'यूपीएस मोड'चं. ते चालू असेल तर लाईट गेल्यावर बदल इतका झटकन होतो, की कॉम्प्युटर बंद पडत नाही. इन्व्हर्टर प्युअर साईन वेव्हचा आहे ना, तेवढं बघा. चौकोनी वेव्हवर चांगले एसएमपीएस कुरकुरतात.

वेगळा यूपीएस घ्यायचा तर व्हीए आणि वॅट यांत गफलत नको. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. मशीन ३०० आणि मॉनिटर ३०, म्हणजे काठावर. १००० व्हीए घ्या. आणि यूपीएसवर मॅच पूर्ण करायची नसते. सेव्ह करायचं, नीट बंद करायचं, एवढ्यापुरताच तो असतो.

विजेच्या बिलाचं म्हणाल तर रोज दोन तास गेम म्हणजे महिन्याला वीसेक युनिट. फार नाही. पण महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर वाढतो. तुमचं बिल ९०-९५ वर रेंगाळत असेल, तर कॉम्प्युटर त्याला पलीकडे ढकलेल. बाबांना आधीच सांगून ठेवा!

ऊन, धूळ आणि काच

काचेचं कॅबिनेट मी का काढायला लावलं? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी पार करतो. खोलीच ३८ अंशांवर असेल तर पंखा आत थंड हवा आणणार कुठून? निदान हवा खेळती तरी पाहिजे. म्हणून पुढून जाळी, आत धुळीचा फिल्टर, पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. पुढून बंद काच म्हणजे शोकेसमध्ये ठेवलेली शेगडी.

आपली धूळ तर विचारूच नका. पर्जन्यछायेचा मुलूख, कोरडी माती, आणि उसाच्या पट्ट्यात गाळपाच्या दिवसांत हवेत काजळी. दर दोन महिन्यांनी फिल्टर धुवा, ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका.

नगर, पुणे की ऑनलाईन?

पुणे १२० किलोमीटरवर. तापकीर गल्लीचं नाव सगळ्यांना ठाऊक, मुंबईचा लॅमिंग्टन रोड तर पंढरीच. ऑनलाईनवर दोन-तीन हजार वाचतात. पण वॉरंटीचा विचार करा. पार्ट बिघडला तर सर्व्हिस सेंटर बहुतेक मोठ्या शहरात. ऑनलाईन घेतलेला पार्ट तुम्हीच पॅक करा, तुम्हीच पाठवा, तुम्हीच फोन करत बसा. गावातला दुकानदार हे डोकं लावतो, त्याचे ते दोन-तीन हजार.

आम्ही मधला मार्ग काढला. कार्ड आणि प्रोसेसर ऑनलाईन, कारण तिथे फरक मोठा होता. बोर्ड, रॅम, एसएमपीएस आणि कॅबिनेट गावात, कारण जोडाजोडीची भांडणं या चौघांतच होतात. दुकानदारही खूश, त्यानं जोडणी करून दिली.

एका गोष्टीवर मात्र अडून बसा: पक्कं बिल. "बिल नको असेल तर जीएसटीचे अठरा टक्के वाचतील, साहेब," असं कुणी म्हणालं तर गोड हसा आणि बिल मागा. त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर हवा. बिल नसेल तर तीन वर्षांची वॉरंटी म्हणजे तीन वर्षांची आशा.

विंडोजचंही तसंच. विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, म्हणजे ११ च घ्यायची. दुकानातून 'टाकून मिळणारी' क्रॅकवाली कॉपी ज्या मशीनवर तुम्ही नेटबँकिंग करणार, त्यावर नको.

जाता जाता: घरी आल्यावर हे तपासा

• खोके उघडताना मोबाईलवर शूटिंग करा. वॉरंटीच्या भांडणात कामी येतं.

• कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमधली जागा, दोन्ही आधी मोजा.

• मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावा, मदरबोर्डात नाही. हसू नका, बऱ्याच 'गेम अडकतोय' तक्रारींचं मूळ इथेच असतं.

• विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटरचे हर्ट्झ वाढवा. १८० हर्ट्झचा मॉनिटर बिचारा ६० वर चालत बसतो.

• टीव्हीवर नेटफ्लिक्सचं फोर-के हवं असेल तर टीव्हीचा पोर्ट एचडीसीपी २.२ वाला हवा, आणि ते प्रत्येक ब्राऊझरमध्ये मिळत नाही.

• पहिल्या आठवड्यात मशीन भरपूर दमवा. जे बिघडायचं ते लवकर बिघडलेलं बरं, बदलून मिळतं.

श्रीरामपूरच्या त्या डब्यात एकही दिवा नाही. काळा, जाळीचा, कोपऱ्यात गप्प बसलेला. संध्याकाळी साडेसात ते नऊ त्यावर काकांचा हक्क, नऊनंतर बहिणीचा आणि अकरानंतर भावाचा. शेजारच्यांनी विचारलं, "एवढ्याचा एक लाख?" तर मावशी म्हणते, "त्यात आमची अर्थिंग पण आली!"